पोट उघडूनच करू दे

तीर्थरूप बाबा आणि आईस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, रविवारी तुम्ही विचारलंत, "आजच्या काळात कोणी एवढं पोट कापतं का? शेजारच्या काकूंचं दुर्बिणीतून झालं, तिसऱ्या दिवशी त्या घरी." मी नीट उत्तर न देताच निघाले. आईसमोर रडू आलं असतं. ऐरोली मागे गेली तरी तुमचा चेहरा डोळ्यांपुढून हलत नव्हता. तुम्हाला वाटतंय, आपण आईला मागासलेल्या डॉक्टरांच्या हाती देतोय. तसं नाहीये, बाबा.

काकूंचा कॅन्सर गर्भपिशवीच्या आतल्या अस्तराचा होता. त्यात सुरुवातीलाच सापडला तर दुर्बिणीचं ऑपरेशन उघड्याइतकंच चांगलं ठरलंय. आईचा आहे पिशवीच्या तोंडाचा. इथेही वर्षानुवर्षं सगळे दुर्बिणीकडेच वळले होते. मग कोणीतरी मोजून बघितलं.

तुम्हीच सांगायचात ना, वागळे इस्टेटला नवं मशीन आलं की जुनं लगेच काढायचे नाहीत. दोन्हींवर सारखा माल लावायचा, मग तपासायचं. तसंच केलं. ६३१ बायका, निम्म्यांचं पोट उघडून, निम्म्यांचं दुर्बिणीतून किंवा रोबोटने. कोणाला काय, ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं, म्हणजे बऱ्या-बऱ्या बायका एकाच बाजूला जायला नकोत. दुर्बीण कमी पडणार नाही, अशीच डॉक्टरांची अपेक्षा होती. पण २०१७ मध्ये नव्या बायका घेणं मध्येच थांबवावं लागलं. पुढच्या वर्षी निकाल छापून आला: साडेचार वर्षांनी आजार न उलटलेल्या बायका उघड्या ऑपरेशनमध्ये ९६.५ टक्के, दुर्बिणीत ८६ टक्के. मृत्यूही दुर्बिणीच्याच बाजूला जास्त.

हा आकडा मी तीनदा वाचला. शंभरातल्या त्या दहाजणींत आपली आई असू शकते, एवढंच डोक्यात येत होतं. म्हणून बाबा, पोटावरच्या आडव्या-उभ्या टाक्यांचं मला काही वाटत नाही. आठ दिवस जास्त पडून राहील. मी आहे.

आई, तू विचारलंस, नुसती पिशवी काढून भागणार नाही का? २०२४ मध्ये त्याचाही निकाल आला. ७०० बायकांत, गाठ २ सेंटिमीटरपर्यंत आणि खोल न गेलेली असेल तर नुसती पिशवी काढूनही आजार उलटण्याचं प्रमाण तेवढंच राहिलं, आणि लघवीचा त्रास कमी झाला. पण तुझी गाठ ३ सेंटिमीटरची आहे. त्यामुळे आजूबाजूचा भागही काढावा लागेल, आणि लघवीची नळी काही दिवस जास्त राहील. त्याची लाज धरू नकोस. अंगावरून जातंय हे तू लाजेपायी सहा महिने पोटात ठेवलंस, आता पुरे.

गाठीचा रिपोर्ट आल्यावर शेक, म्हणजे रेडिएशन, द्यायचे ठरले तर माझ्याकडेच राहायचं. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी ३०० बायकांवर केलेला अभ्यास २०२१ मध्ये आला, त्यात खारघरच्या अ‍ॅक्ट्रेकचा, म्हणजे टाटाच्याच तिथल्या केंद्राचा, मोठा वाटा आहे. ऑपरेशननंतर रोज स्कॅन बघून, आतडी वाचवत शेक दिले, तर पुढे तीन वर्षांत होणारा आतड्यांचा त्रास ४२ टक्क्यांवरून २१ वर आला. आमच्या दारासमोरून रिक्षात बसलं की दहा मिनिटांत तिथे. हे कळलं त्या रात्री मला पहिल्यांदा झोप लागली.

बाबा, सही करताना हात थांबला तर मला फोन करा, कितीही वाजलेले असोत. मी सोमवारी संध्याकाळीच ठाण्याला येते. आई, समोरून बटणं असलेले दोन सुती गाऊन काढून ठेव. नाडीचे परकर नकोत, टाक्यांवर काचतील.

तुमची,
मनू