बॅटरी बदलली, अल्टरनेटर बदलला, बिघाड तिथेच

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

विषय: बिघाड न शोधता बदललेल्या सुट्या भागांचा परतावा मिळणेबाबत

महोदय,

माझी गाडी १८ वर्षांची आहे हे आधीच लिहिते, कारण तुमच्या वर्कशॉपमध्ये माझ्या प्रत्येक प्रश्नाला पहिलं उत्तर तेच मिळालं.

चालत्या गाडीत मधूनच सगळा करंट जायचा. इंजिन बंद, डॅशबोर्ड काळा, हॉर्नसुद्धा मुका. दहा-पंधरा मिनिटं थांबून चावी फिरवली की गाडी काही झालंच नाही अशा थाटात सुरू व्हायची. आणि दरवेळी घड्याळ १:०० वर आलेलं असायचं.

ही घड्याळाची गोष्ट मी पहिल्याच भेटीत सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरना सांगितली. "घड्याळाचं नंतर बघू," असं म्हणून त्यांनी जॉब कार्डवर तीन शब्द लिहिले: गाडी बंद पडते.

त्या भेटीत बॅटरी बदलली. दुसऱ्या भेटीत अल्टरनेटर, म्हणजे इंजिनच्या जोरावर वीज तयार करणारा भाग, तिसऱ्या भेटीत चावीचा इग्निशन स्विच. दरवेळी टेस्ट ड्राइव्हमध्ये गाडी शहाण्यासारखी वागली आणि दरवेळी "आता त्रास नाही होणार" हे ऐकून मी बिल भरलं.

तिसऱ्या बिलानंतर चौथ्या दिवशी रात्री उतारावर दिवे गेले. समोरचं वळण दिसेना. ब्रेक पहिल्या दोन दाबांना लागला, मग पेडल दगडासारखं घट्ट झालं. गाडी कडेला लागली ती हँडब्रेक ओढून. मागच्या वाहनांना इशारा द्यावा म्हणून हॅझर्डचं बटण दाबलं, तर तेही मेलेलं.

शेवटी गाड्यांचं वायरिंग करणाऱ्या एका कारागिराकडे गेले. बोनेट उघडण्याआधी त्यांनी दोनच प्रश्न विचारले: घड्याळ पुसलं जातं का, आणि हॅझर्ड लागतात का? मग त्यांनी जे समजावलं ते तुमच्या तंत्रज्ञांना माहीत नसेल असं मला वाटत नाही. घड्याळ आणि हॅझर्ड चावी काढल्यावरही चालतात, म्हणजे त्यांचा करंट इग्निशन स्विचमधून येतच नाही. मग स्विच कशासाठी बदलला? चालत्या गाडीत बॅटरीचा संपर्क तुटला तर अल्टरनेटर बहुतेक वेळा गाडी ओढतो, अल्टरनेटर बसला तर बॅटरी काही काळ ओढते. दोघांनी एकाच क्षणी मान टाकावी आणि पंधरा मिनिटांनी एकत्रच उठून बसावं, हे कसं होईल? दोघांचा करंट एकत्र होऊन पुढे जातो त्या वाटेवरच दोष शोधायला हवा होता.

तो तिथेच सापडला. बोनेटखालच्या फ्यूज बॉक्समधला ८० अँपिअरचा मेन फ्यूज शाबूत होता, म्हणूनच वरवरच्या नजरेने दोष कुणाला सापडला नाही. पण त्याचा एक स्क्रू ढिला होता आणि भोवतीचं प्लास्टिक करपून चहाच्या रंगाचं झालं होतं. इंजिन चालू, हेडलाइट आणि ब्लोअर चालू ठेवून त्यांनी मल्टिमीटरची एक पिन फ्यूजच्या अलीकडे आणि दुसरी पलीकडे लावली. जिथे फरक व्होल्टच्या शंभराव्या हिश्श्यांत असायला हवा, तिथे १.२ व्होल्ट दिसले. त्या वेळी ३० अँपिअर वाहत होते, म्हणजे त्या एका स्क्रूपाशी ३६ वॉट उष्णता. एवढ्यात सोल्डरिंग आयर्न तापतं. सांधा तापला की संपर्क सुटायचा, निवला की जुळायचा. वायरिंग हाताने हलवताच आकडा उड्या मारत होता, तोही मी स्वतः पाहिला. या सगळ्याला वीस मिनिटंही लागली नाहीत.

"स्कॅनरमध्ये एकही कोड नाही, म्हणजे वायरिंग ठीक आहे," असं मला तुमच्याकडे तीनदा ऐकवलं गेलं. कोड म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरने केलेली बिघाडाची नोंद. या पिढीच्या बऱ्याच गाड्यांत कोडची मेमरी सतत मिळणाऱ्या करंटवरच टिकते. तो गेला की घड्याळाबरोबर कोडही पुसले जातात. रिकामा स्कॅनर हा वायरिंग ठीक असल्याचा पुरावा नव्हताच.

फ्यूज, स्क्रू आणि वायरीचं करपलेलं टर्मिनल बदलून दोन महिने झाले. गाडी एकदाही बंद पडलेली नाही.

बॅटरी जुनी होती, तिचे पैसे मी मागत नाही. अल्टरनेटर आणि इग्निशन स्विच यांची किंमत मात्र मजुरीसह परत करावी. माझा काढलेला अल्टरनेटर मला न विचारता ठेवून घेतला आहे, तो परत द्यावा. आणि तिन्ही भेटींत भाग बदलण्याआधी कुठे, काय मोजलं, त्याची नोंद लेखी मिळावी. काहीच मोजलं नसेल तर तसं लिहून द्यावं. उत्तराची १५ दिवस वाट पाहीन, त्यानंतर ग्राहक आयोगाकडे जाईन.

तिन्ही बिलांच्या आणि जॉब कार्डांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत.

आपली,
एक ग्राहक

ता. क.: करपलेला फ्यूज मी जपून ठेवला आहे. तुमच्या तंत्रज्ञांना पाहायचा असेल तर घेऊन येईन, पण हातात देणार नाही.