अण्णा, ते 38 ग्रॅम अजून वहीत आहेत

आदरणीय अण्णा,

साष्टांग नमस्कार.

तुम्ही पुण्याला मुलाकडे राहायला गेलात त्याला या आषाढात वर्ष होईल. निघालात त्या दिवशी रिक्षा दारात उभी होती, पाऊस भरून आला होता, आणि मला जे बोलायचं होतं ते राहूनच गेलं. फोनवर आभाराचा शब्द काढला की तुम्ही लगेच ‘पोरं काय करतात?’ म्हणून विषय बदलता. म्हणून हे पत्र. ते सगळ्यांनी वाचावं असं लिहितेय, कारण मुलांना घरी शिकवणारे आईवडील मला नेहमी विचारतात, प्रयोगशाळा नाही तर रसायनशास्त्राचं काय करता? आमच्या घरी त्याचं उत्तर तुम्ही होतात.

मी कॉमर्सची. दहावीनंतर विज्ञानाचं पुस्तक उघडलं नव्हतं. मुलांना घरी शिकवायचं ठरवलं तेव्हा भाषा, गणित, इतिहास यांची काळजी वाटली नाही, रसायनाची वाटली. तुम्ही हायस्कुलात तीस वर्षं लॅब असिस्टंट होतात हे वाडीत सगळ्यांना माहीत होतं, पण निवृत्त माणसाला त्रास कशाला द्यायचा, म्हणून मी आपली आपणच सुरुवात केली.

ती सकाळ आठवली की अजून अंगावर काटा येतो. ग्रामपंचायतीकडून विहिरीत टाकायला टीसीएल पावडर, म्हणजे पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग पावडर, आली होती. आम्ल आणि आम्लारी शिकवायला एका वाटीत ती पावडर आणि दुसरीत व्हिनेगर घेऊन मी ओट्यापाशी उभी होते, मुलं दोन्ही बाजूंना. तुम्ही रातांबे द्यायला म्हणून मागच्या दाराने आलात. काही न बोलता पावडरीची वाटी उचललीत, बाहेर गडग्यावर नेऊन ठेवलीत आणि मग सांगितलंत: या पावडरीत आंबट काहीही पडलं, तर क्लोरीन वायू सुटतो, बंद स्वयंपाकघरात तो फुप्फुसं जाळतो. संडास धुण्याच्या अ‍ॅसिडचंही तेच. हे दोन पदार्थ एका फडताळातसुद्धा ठेवायचे नाहीत. तुम्ही रागावला नाहीत. पुढच्या गुरुवारपासून येतो, एवढंच म्हणालात. त्या दोन मिनिटांसाठी मी तुमची जन्मभर ऋणी आहे.

आणि गुरुवार सुरू झाले. पहिल्या दिवशी प्रयोग झालाच नाही. प्रयोगाची भांडी वेगळी काढून त्यांच्या कानांना लाल दोरा बांधला. ती परत स्वयंपाकात येणार नाहीत. चष्मे आणले. आधी चिठ्ठी, मग द्रव: बाटलीवर नाव, तारीख आणि करणाऱ्याचं नाव लिहून चिकटवल्याशिवाय आत काही ओतायचं नाही. धाकटा कंटाळला होता. आज तो लोणच्याच्या बरणीवरही चिठ्ठी लावल्याशिवाय राहत नाही.

चुन्याच्या निवळीचा दिवस मात्र सविस्तर लिहायला हवा. पानपट्टीवरून खायच्या चुन्याची डबी आणलेली. बरणीभर पाण्यात चमचाभर चुना ढवळून रात्रभर ठेवला. चुना पाण्यात फार थोडा विरघळतो, लिटरमागे जेमतेम दीड-पावणेदोन ग्रॅम, बाकीचा तळाशी बसतो, हे तुम्ही सांगितलंत आणि वरची निवळी तळ न हलवता कशी ओतून घ्यायची ते मनगट धरून दाखवलंत. डोळ्यात थेंब गेला तर इजा होते, म्हणून चष्मा; नळीतून फक्त फुंकायचं, ओढायचं नाही, म्हणून आधी तुम्ही स्वतः फुंकून दाखवलंत. मग थोड्याशा निवळीत बरंच पाणी घालून मुलांना पेले दिले.

दोन्ही पेले दुधाळ झाले. श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडमुळे कॅल्शिअम कार्बोनेट तयार होतं, पुस्तकात प्रयोग तिथे संपतो. मोठीने तसं लिहिलं आणि वही मिटली. धाकटा फुंकतच राहिला. थांबून, दम घेऊन, परत. बऱ्याच वेळाने ओरडला, ‘आई, दुधाचं परत पाणी झालं!’ मी म्हटलं, तू त्यात पाणी घातलं असशील, पेला धू आणि नीट कर. त्याचे डोळे भरून आले. मला वाटत होतं मी त्याला शिस्त लावतेय.

तुम्ही पडवीत बसला होतात. उठून आलात, पेला उजेडात धरलात आणि विचारलंत, ‘किती वेळ फुंकलंस?’ त्याला सांगता येईना. ‘मग परत कर. आता घड्याळ लावून. तीन पेले.’ मुलगा दमला की बहीण, बहीण दमली की तुम्ही. तिन्ही पेले आधी दुधाळ झाले आणि मग निवळले. त्यानंतरच तुम्ही कारण सांगितलंत: कार्बन डायऑक्साइड मिळतच राहिला की न विरघळणाऱ्या कार्बोनेटचं विरघळणारं बायकार्बोनेट होतं. ‘तापवा बघूया.’ गॅसवर तापवलं तर तो नितळ द्रव पुन्हा गढूळ झाला. मग तुम्ही न्हाणीत गेलात, हंड्याच्या आतला पांढरा थर चमच्याने खरवडून आणलात आणि त्यावर व्हिनेगरचा थेंब टाकलात. बुडबुडे आले. आमची विहीर किनाऱ्यालगतची, पाणी जड. आमच्या हंड्यात रोज हेच होत होतं. शेवटी दुपारच्या तिसऱ्यांच्या कालवणातले शिंपले निवडून मुलांनी तेही व्हिनेगरमध्ये टाकले, पुन्हा तेच बुडबुडे. पूर्वी किनाऱ्यावर असेच शिंपले भट्टीत भाजून चुना करायचे आणि त्यावर घरं उभी राहायची, हे तुम्ही सांगत होतात तेव्हा धाकटा आमच्या जुन्या भिंतीला हात लावून उभा होता.

त्या संध्याकाळी मी त्याची माफी मागितली. हे तुम्हाला आजवर सांगितलं नव्हतं.

तुम्ही त्याच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहिलंत, ‘जा दिसला ता लिवायचा. पुस्तकात काय आसा ता मगे बघूया.’ मला माझी शाळा आठवली. निरीक्षणं फळ्यावर आधी लिहिलेली असायची, जर्नलमध्ये आम्ही ती उतरवायचो आणि परीक्षानळी हातात यायच्या आधीच काय दिसणार ते ठरलेलं असायचं. विज्ञान मला कधी आपलं वाटलं नाही, त्याचं कारण त्या दिवशी कळलं.

मिठाचंही तसंच झालं. जानेवारीत भरतीचं लिटरभर पाणी आणलं, फडक्याने गाळलं, दाट होईपर्यंत आटवलं आणि ताटात उन्हात ठेवलं. समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात हे मोठीने वाचून ठेवलं होतं. आमच्या काट्यावर भरले 38. तिने खोडरबर उचललं. तुम्ही वहीवर हात ठेवलात आणि म्हणालात, ‘बाय, काट्याने काय सांगितलं? मग खोडतेस कोणाचं?’ आणि 38 का आले असतील याची कारणं खाली लिहायला लावलीत. तिने तीन लिहिली: वाळू, मापाची चूक, ओल. मग एकेक तपासायची. वाळूसाठी चिमूटभर मीठ पाण्यात विरघळवून बघितलं, तळाला काही नाही. माप दुसऱ्या मापाशी ताडून पाहिलं. ओलीसाठी दिवसभर कडक उन्हात ठेवलं, संध्याकाळी 37 भरलं. रात्री उघडं ठेवलं, सकाळी पुन्हा 38. समुद्राच्या मिठात मॅग्नेशिअमचे क्षार असतात, ते हवेतली ओल ओढून घेतात. श्रावणात बरणीतल्या खडेमिठाला पाणी का सुटतं, हे माझ्या लेकीला तिच्या स्वतःच्या काट्याने शिकवलं. मग तुम्ही दोघांना एसटीने शिरोड्याला मिठागरं दाखवायला घेऊन गेलात. तिथे 1930 साली मिठाचा सत्याग्रह झाला, हे त्यांनी वाचलं होतं; पण मीठ जमल्यावर शेवटचं कडवट पाणी वाफ्यातून काढून टाकतात, ते तुमच्याकडून कळलं, आणि आपल्या ताटात ते राहूनच गेलं होतं हे मोठीला तिथल्या तिथे उमगलं. वहीत 38 अजून तसंच आहे.

हळदीचं लिहीत नाही, ते सगळ्यांना ठाऊक असतं. साबण लागला की हळदीचा डाग लाल होतो आणि हळद-चुन्याचंच कुंकू होतं, एवढं आमच्या आजीलाही माहीत होतं. कोकमाचं मात्र सांगते. आगळात, म्हणजे कोकमाच्या खारवलेल्या रसात, चिमूटभर खायचा सोडा घातला तेव्हा फेस उसळला आणि रंग लालच राहिला. माझ्या मते प्रयोग फसला होता. तुम्ही औषधाची सिरिंज मागवलीत, 5 मिली आगळ कपभर पाण्यात घेतलंत आणि सोड्याचं पाणी थेंबाथेंबाने सोडायला लावलंत, मोजत. आधीचा सोडा सगळा आंबटपणा मारण्यात जातो, तो सरला की मग रंग फिरतो. लालाचा जांभळा, आणि पुढे एक रंग ज्याला मी हिरवट म्हणत होते आणि मोठी ‘ओल्या पाटीसारखा’. वहीत तिचाच शब्द आहे. त्याला अनुमापन म्हणतात, हे नाव तुम्ही महिनाभराने सांगितलंत, तोवर मुलांना ते हाताने येत होतं.

या मे महिन्यात मुलांनी ते तुमच्याशिवाय केलं. गेल्या वर्षीचं आगळ, यंदाचं, लिंबू आणि कैरी. लिंबाकैरीला स्वतःचा रंग नाही, म्हणून त्यात जास्वंदीच्या पाकळ्यांचं पाणी घातलं. प्रत्येक तीनदा. मी फक्त बाजूला बसले होते. एकदा आकडा फारच वेगळा आला आणि मोठीने वर माझ्याकडे पाहिलं. मी गप्प राहिले. तिने तो लिहिला.

त्या गप्प राहण्याबद्दल मला तुमचे आभार मानायचे आहेत, अण्णा. मुलांना तुम्ही रसायन शिकवलंत. मला, त्यांच्या आईला, उत्तर माहीत असतानाही थांबायला शिकवलंत. घरी शिकवणाऱ्या बाईला हे कुणी सांगत नाही. सगळे जण अभ्यासक्रमच विचारतात.

शेजारच्या वाडीतला मुलगा रविवारी कोकण रेल्वेने मुंबईला आणि तिथून पुण्याला येतोय. त्याच्याबरोबर आगळाची बाटली पाठवतेय, खायच्या भांड्यातलं, लाल दोऱ्याचं नव्हे. चिठ्ठी मोठीने लावली आहे, तारखेसकट. धाकट्याने चुन्याच्या निवळीवर नवीन काहीतरी करून पाहिलंय. काय ते मी लिहायचं नाही असं त्याने बजावलंय, तो स्वतः फोनवर सांगणार आहे. तुम्ही आधी किती वेळ लागला ते विचारा. त्याने सेकंदात लिहून ठेवलंय.

तुमच्या गुरुवारच्या विद्यार्थ्यांची आई