हिमाचलला निघण्याआधी बॉनेट उघडा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

नाताळच्या सुट्टीत स्वतःच्या गाडीने मनालीला जाणाऱ्यांची संख्या आपल्याकडे दरवर्षी वाढते आहे. ३ ऑक्टोबर २०२० रोजी अटल बोगद्याचे उद्घाटन झाल्यापासून रोहतांगचा घाट न चढता थेट लाहौलमधील सिस्सूपर्यंत जाता येते, त्यामुळे पूर्वी हिवाळ्यात ज्या भागात फारसे कोणी फिरकत नसे, तेथे आता एमएच पाटीच्या साध्या हॅचबॅकही दिसतात. एवढ्या प्रवासापूर्वी सर्व्हिसिंग बहुतेक जण करतात. परंतु ते नाशिक-पुण्याच्या हवेला साजेसे असते. एक गॅरेज व्यावसायिक म्हणून त्याविषयी लिहितो.

पहिला प्रश्न कूलंटचा, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचा. उन्हाळ्यात पातळी उतरली की नळाचे पाणी ओतायचे, ही आपल्याकडची सर्रास सवय आहे. टाकीचे झाकण उघडले, तर हिरव्या किंवा लालसर कूलंटऐवजी तांबूस गढूळ पाणीच अनेकदा दिसते. आपल्या हवेत इंजिन ते निभावून नेते, मात्र रात्री पारा शून्याच्या बराच खाली जातो तेथे हे पाणी गोठते आणि गोठताना सुमारे ९ टक्के फुगते; रेडिएटर फुटतो, प्रसंगी इंजिनचा ब्लॉकही तडकतो. ग्लायकॉलयुक्त कूलंट व शुद्ध पाणी यांचे निम्मे-निम्मे मिश्रण उणे ३५ अंशांच्या आसपासपर्यंत तग धरते. जुने पाणी पूर्ण काढून ते भरणे हे तासाभराचे काम आहे. वायपरच्या टाकीतही साधे पाणी ठेवू नये.

डिझेल गाडीवाल्यांनी टाकी इथल्या इंधनाने भरलेली ठेवून वर चढू नये. कडक थंडीत साध्या डिझेलमधील मेण घट्ट होऊन फिल्टर तुंबतो. लडाखसाठी इंडियन ऑइलने २०१९ मध्ये खास हिवाळी डिझेल आणले ते याचसाठी. जुनी बॅटरी इथे सकाळी एकदा कुरकुरून गाडी चालू करत असेल, तर तिथे ती दगा देणारच.

टायरबाबत मात्र गैरसमज फार आहेत. 'आमची फोर बाय फोर आहे' हे वाक्य मी नेहमी ऐकतो. चारही चाकांना ताकद मिळाल्याने गाडी बर्फातून निघते हे खरे, परंतु थांबताना आणि वळताना पकड असते ती टायरच्या रबराचीच आणि आपल्याकडचे नेहमीचे रबर थंडीत कडक होते. इथे ३२ पीएसआय भरलेली हवा उणे १० अंशांत पाच-सहा पीएसआयने उतरते, म्हणून ती तिथे सकाळी, गाडी हलवण्यापूर्वी तपासावी. बर्फात पकड मिळावी म्हणून टायरवर चढवायची चेन (साखळी) इंजिनची ताकद ज्या चाकांना मिळते त्यांना, म्हणजे बहुतेक लहान गाड्यांत पुढच्या चाकांना लावायची असते. ती घरच्या पार्किंगमध्ये एकदा चढवून पाहिली नसेल, तर बधिर बोटांनी मनालीजवळच्या सोलंगच्या रस्त्यावर ती चढवता येईल, अशी आशा धरू नये. रात्री हँडब्रेक ओढून ठेवल्यास तो गोठून अडकू शकतो; सपाट जागी गाडी गिअरमध्ये ठेवून चाकांना दगड लावावेत.

डिसेंबर २०२४ मध्ये सोलंग ते अटल बोगदा या टप्प्यात शेकडो गाड्या बर्फात अडकल्या होत्या. अशा वेळी काचा बंद करून हीटरसाठी इंजिन चालू ठेवण्याचा मोह होतो. सायलेन्सरचे तोंड बर्फाने बुजले, तर कार्बन मोनॉक्साइड आत शिरतो आणि त्याला वासही नसतो. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातील मरी येथे अडकलेल्या गाड्यांत वीसहून अधिक माणसे दगावली, तेव्हा या वायूचाच उल्लेख झाला होता. म्हणून गाडीत एक लहान फावडे हवेच.

सर्व्हिसिंग केंद्रांनी बिलावर ऑइलची नोंद करतात तशी कूलंट किती अंशांपर्यंत टिकेल याचीही नोंद करावी, अशी विनंती आहे. ते मोजण्याचे उपकरण फारसे महाग नसते.

आपला,
एक गॅरेज व्यावसायिक, नाशिक