मित्रास पत्र : अठ्ठावीस सेकंद आणि पुढचे वर्ष

पुणे,
रविवार

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. शाळेच्या संघातील मुलांना सुट्टीत जुन्या सामन्यांच्या चित्रफिती दाखवण्याचा तुझा बेत मला मनापासून आवडला, आणि त्यासाठी तू सॅन अँटोनियो स्पर्स व मायामी हीट यांच्यातील २०१३ आणि २०१४ च्या, एनबीए या अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या अंतिम मालिका निवडल्या आहेस हे तर फारच उत्तम झाले. मात्र पत्राच्या शेवटी, २०१३ चे विजेतेपद स्पर्सचे प्रशिक्षक ग्रेग पॉपोविच यांनी ऐन मोक्याला टिम डंकनला बाकावर बसवून घालवले, असे जे तू सहज लिहून गेलास, ते मला मुळीच पटलेले नाही. मुलांपुढे हे विधान करण्यापूर्वी माझी बाजू ऐकून घे, कारण चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांच्या डोक्यात एकदा असे काही पक्के बसले की ते निघता निघत नाही.

दोन्ही संघांची जडणघडण तुला ठाऊकच आहे, म्हणून थोडक्यात लिहितो. हीटने २०१० मध्ये लेब्रॉन जेम्स आणि ख्रिस बॉश यांना ड्वेन वेडच्या जोडीला आणले, २०१२ मध्ये विजेतेपद मिळवले आणि पुढच्या हंगामात सलग २७ सामने जिंकून ६६ विजयांसह ते अंतिम फेरीत आले. स्पर्सचा संघ मात्र वर्षानुवर्षे मुरलेला होता. डंकन १९९७ साली, संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्या वार्षिक निवडीत पहिल्या क्रमांकावर आला होता, पण टोनी पार्कर २८ व्या आणि मनू जिनोबिली तर ५७ व्या क्रमांकावर, म्हणजे इतरांनी सोडून दिल्यावर त्यांच्या हाती लागला होता. पॉपोविच १९९६ च्या डिसेंबरपासून त्याच संघाचे प्रशिक्षक होते आणि या मंडळींनी तोवर चार विजेतेपदे मिळवली होती. पाचव्यासाठी ते सहा वर्षे थांबले होते.

२०१३ च्या मालिकेतील पहिले पाच सामने मुलांना पूर्ण दाखवण्याची गरज नाही. पहिल्या सामन्यात घड्याळात ५.२ सेकंद उरलेले असताना, तोल जाऊन जवळजवळ खाली बसलेल्या पार्करने फळ्यावर आपटून घातलेला चेंडू, दुसऱ्यात स्पर्सच्या टियागो स्प्लिटरचा डंक, म्हणजे उडी मारून चेंडू थेट कड्यातून खाली दाबण्याचा प्रयत्न, लेब्रॉनने हवेतच अडवला तो क्षण आणि तिसऱ्यात स्पर्सने टाकलेले सोळा थ्री-पॉइंटर (लांबच्या रेषेबाहेरून टाकलेले, तीन गुणांचे चेंडू) एवढे दाखवले तरी पुरे. स्पर्सच्या डॅनी ग्रीनने पाच सामन्यांत २५ थ्री-पॉइंटर टाकून अंतिम मालिकेचा तोवरचा विक्रम मोडला, आणि तो विक्रम होता हीटच्याच रे ॲलनचा. पुढच्या दोन सामन्यांत मात्र हीटने ग्रीनला मोकळा श्वासही घेऊ दिला नाही आणि त्याला प्रत्येक सामन्यात एकच थ्री-पॉइंटर टाकता आला. मालिकेत स्पर्स ३-२ असे पुढे होते, म्हणजे चौथा विजय मिळाला की विजेतेपद त्यांचे.

आता सहाव्या सामन्याकडे येतो. १८ जून २०१३ च्या रात्री मायामीत सुरू झालेला हा सामना आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला दिसत होता. डंकनने ३७ व्या वर्षी पहिल्या अर्ध्या सामन्यातच २५ गुण केले आणि चौथा भाग सुरू होताना स्पर्सकडे दहा गुणांची आघाडी होती. नंतर लेब्रॉनच्या डोक्यावरची पट्टी निघून पडली आणि त्यानंतर तो असा काही खेळला की ती आघाडी पार वितळली. हीटच्या माइक मिलरने तर एका पायात बूट नसताना थ्री-पॉइंटर टाकला. मुलांना तो जरूर दाखव, हसतील. तरीही पार्करने लेब्रॉनच्या डोक्यावरून थ्री-पॉइंटर टाकून सामना ८९-८९ असा बरोबरीत आणला, लगेच आणखी दोन गुण केले आणि २८.२ सेकंद शिल्लक असताना स्पर्स ९४-८९ असे पुढे गेले. विजेत्यांच्या सोहळ्यासाठी कोर्टाभोवती पिवळे दोर घेऊन माणसे उभी राहिली होती आणि हीटचे काही प्रेक्षक घरची वाट धरू लागले होते.

तू म्हणतोस तो निर्णय याच टप्प्यावरचा आहे. हीटला थ्री-पॉइंटरच हवे होते, म्हणून पॉपोविच यांनी डंकनला बाहेर घेऊन बोरिस डियॉला आत पाठवले. यामागचा हिशेब साधा होता. बॉश हा उंच खेळाडू असूनही थ्री-पॉइंट रेषेबाहेर उभा राहतो, तेव्हा त्याच्या मागे डंकनला बास्केटपासून दूर धावावे लागले असते, आणि हीटने स्क्रीन लावली (बचाव करणाऱ्याच्या वाटेत आपला माणूस उभा केला) की बचाव करणाऱ्यांनी आपापली माणसे झटपट बदलून घ्यावीत, हे सदतिशीतल्या माणसापेक्षा कमी उंचीच्या, चपळ खेळाडूंना अधिक जमते. लेब्रॉनचा पहिला थ्री-पॉइंटर चुकला, सैल चेंडू मिलरच्या हाती लागून पुन्हा लेब्रॉनकडे आला आणि या वेळी तो आत गेला. मग स्पर्सच्या कवाय लेनर्डने दोन फ्री थ्रोपैकी (फाउलबद्दल मिळणाऱ्या, कुणी न अडवता टाकायच्या एकेका गुणाच्या फेकींपैकी) एक घातला, ९५-९२ झाले, आणि हीटच्या पुढच्या चालीत लेब्रॉन पुन्हा चुकला; पण रिबाउंड, म्हणजे हुकून परत आलेला चेंडू, बॉशने घेतला आणि त्याच्या पासवर ॲलनने थ्री-पॉइंटर टाकून बरोबरी साधली. तिथे डंकन असता तर तो रिबाउंड त्यालाच मिळाला असता, हे तुझे म्हणणे. मिळालाही असता. परंतु डंकन आत असता तर कदाचित लेब्रॉनला तो थ्री-पॉइंटर अधिक मोकळेपणाने मिळाला असता, आणि मग तूच मला लिहिले असतेस की एवढ्या वयाच्या माणसाला रेषेबाहेर का पळवले! निर्णय योग्य की अयोग्य हे निकालावरून ठरवायचे नसते, त्या घटकेला समोर काय दिसत होते त्यावरून ठरवायचे असते.

माझ्या मते मुलांचे लक्ष दुसरीकडे वेधले पाहिजे. २८.२ सेकंदांवर जिनोबिलीने दोनपैकी एक फ्री थ्रो चुकवला आणि १९.४ सेकंदांवर लेनर्डनेही दोनपैकी एक चुकवला. चारपैकी दोन गेले. त्यातला एक जरी पडला असता तरी ॲलनच्या त्या थ्री-पॉइंटरनंतरही स्पर्सकडे एका गुणाची आघाडी राहिली असती. समोर कुणी अडवणारा नाही, घाई नाही, अशा जागेवरून टाकायचे चेंडू थकलेल्या पायांमुळे आणि धडधडणाऱ्या छातीमुळे कसे हुकतात, हे मुलांना डंकनच्या बाकापेक्षा कितीतरी अधिक उपयोगाचे आहे.

आणि तो ॲलनचा थ्री-पॉइंटर तर एकेक चित्र थांबवून दाखव. बॉशच्या हाती रिबाउंड येतो त्या क्षणी ॲलन बास्केटच्या जवळ आहे. तो वळत नाही, खाली पाहत नाही. चेंडूवर नजर ठेवून उलट्या पावलांनी उजव्या कोपऱ्याकडे सरकत जातो, पास हातात येईपर्यंत त्याचे दोन्ही पाय रेषेबाहेर टेकलेले असतात, आणि पार्कर अंगावर धावून येत असताना तो सरळ वर उडी घेतो. कोपऱ्यात थ्री-पॉइंट रेषा आणि मैदानाची कड यांच्यात फारशी जागा नसते. पाऊल जरा पुढे पडले तर दोनच गुण, जरा मागे गेले तर चेंडू बाद. ॲलन सरावात जमिनीवर आडवा पडून उठायचा, मागे सरकत कोपऱ्यात जायचा आणि तिथून नेम धरायचा, हे त्याने स्वतः सांगितलेले आहे. ५.२ सेकंद उरले होते, गुण ९५-९५. जादा वेळेत हीट १०३-१०० असे जिंकले.

सातव्या सामन्याबद्दल फार लिहवत नाही. लेब्रॉनने ३७ गुण केले, शेन बॅटियरने सहा थ्री-पॉइंटर टाकले आणि हीटने ९५-८८ ने विजेतेपद राखले. शेवटच्या मिनिटात दोन गुणांचे अंतर असताना डंकनने अगदी जवळून टाकलेला चेंडू चुकला, परत आलेल्या चेंडूला दिलेली थापही चुकली, आणि बचावाला मागे आल्यावर चेहऱ्यावर कधी राग न दाखवणाऱ्या या माणसाने दोन्ही हात जमिनीवर आपटले. तेव्हा तर तो आतच होता ना, सुहास?

पुढच्या हंगामाच्या सराव शिबिरात पॉपोविच यांनी आपल्या खेळाडूंना त्या सहाव्या सामन्याची चित्रफीत दाखवली. त्यांनी संघ मोडला नाही, मोठे नाव विकत आणले नाही. उलट सगळ्यांची खेळण्याची वेळ अशी वाटून दिली की २०१३-१४ च्या साखळी हंगामात स्पर्सच्या एकाही खेळाडूची सरासरी प्रत्येक सामन्यात तीस मिनिटांपर्यंत पोहोचली नाही, आणि तरीही ६२ विजय मिळवून ते लीगमध्ये अव्वल राहिले. फ्रान्स, अर्जेंटिना, ब्राझील, इटली, ऑस्ट्रेलिया, कॅनडा अशा ठिकाणांहून आलेले हे लोक होते. स्वतः डंकन कॅरिबियनमधल्या सेंट क्रॉय बेटावरचा. तो आधी जलतरणपटू होता आणि १९८९ च्या ह्यूगो चक्रीवादळाने तिथला तलाव उद्ध्वस्त केल्यावर बास्केटबॉलकडे वळला. पश्चिम विभागाची अंतिम फेरी जिंकल्यावर, या वेळी आम्ही काम पूर्ण करू, असे तो कॅमेऱ्यासमोर बोलून गेला. असे बोलणे त्याच्या स्वभावात नव्हते.

५ जून २०१४ च्या पहिल्या सामन्यात सॅन अँटोनियोच्या सभागृहातील वातानुकूलन बंद पडले. उकाड्याने लेब्रॉनच्या पायात असे गोळे आले की त्याला उचलून बाहेर न्यावे लागले. तेव्हा गुण होते ९४-९२, आणि उरलेल्या चार मिनिटांत स्पर्सने हीटला तीनच गुण करू देऊन सामना ११०-९५ असा जिंकला. तो विजय विजेच्या कृपेने मिळाला असे तुझ्यासारखे हीटप्रेमी म्हणणार, आणि दुसरा सामना लेब्रॉनने ३५ गुण करून ९८-९६ असा जिंकल्यावर त्या म्हणण्याला वजनही होते.

यानंतर पॉपोविच यांनी केलेला बदल मुलांनी समजून घ्यावा असा आहे. प्रशिक्षक एरिक स्पोएल्स्ट्रा यांचा हीट संघ स्क्रीन लागताच चेंडूवाल्या खेळाडूवर दोघांना धाडायचा. त्यामुळे चेंडूवाला घाबरतो, पण मागे चौघांना अडवायला तिघेच उरतात. पॉपोविच यांनी तिसऱ्या सामन्यापासून स्प्लिटरऐवजी डियॉला सुरुवातीलाच उतरवले. हा तोच डियॉ, ज्याला वर्षभरापूर्वी डंकनच्या जागी आत पाठवल्याबद्दल बोल लागला होता. पोट सुटल्यासारखा दिसणारा, धावण्यात संथ, पण दोघे अंगावर आले की त्यांच्या मधून पास घेऊन, चेंडू क्षणभरही न रेंगाळवता पुढच्या मोकळ्या माणसाला देणारा. मायामीच्या मैदानावरच्या त्या तिसऱ्या सामन्यात स्पर्सच्या पहिल्या २१ फेकींपैकी १९ आत गेल्या आणि पहिल्या अर्ध्या सामन्यात ७५.८ टक्के फेकी यशस्वी झाल्या, जो अंतिम फेरीतील विक्रम ठरला. त्या पूर्वार्धात कोण गुण करतो हे पाहू नका, चेंडू कोणाच्या हातात किती वेळ थांबतो ते पाहा, असे मुलांना सांग. चांगली फेक मिळत असतानाही खेळाडू शेजाऱ्याला आणखी चांगली मिळेल म्हणून चेंडू सोडून देतो, आणि शेजारीही कधीकधी तेच करतो.

लेनर्डने पहिल्या दोन सामन्यांत नऊ-नऊ गुणच केले होते. पुढच्या तिन्हींत त्याने २९, २० आणि २२ केले, शिवाय बहुतेक वेळ लेब्रॉनला तोच अडवत होता. फ्री थ्रो चुकवणारा हाच मुलगा वयाच्या २२ व्या वर्षी अंतिम मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. पाचव्या सामन्यात हीट २२-६ असे पुढे होते, तरी स्पर्सने तो १०४-८७ असा जिंकला. छत्तिशीतल्या जिनोबिलीने बॉशच्या डोक्यावरून मारलेला डंक आणि राखीव पॅटी मिल्सने तिसऱ्या भागात केलेले १४ गुण एवढे निवडून ठेव. पाच सामन्यांत मिळून स्पर्सने ७० गुण जास्त केले. इतक्या मोठ्या फरकाची अंतिम मालिका त्याआधी झालेली नव्हती.

त्या पाचव्या सामन्यात स्पोएल्स्ट्रा यांनी रे ॲलनला सुरुवातीपासून खेळवले, आणि तो त्याचा एनबीएमधील अखेरचा सामना ठरला. महिन्याभरात लेब्रॉन क्लीव्हलंडला परतला.

तेव्हा माझे ऐकशील तर २०१३ च्या सहाव्या सामन्याचे शेवटचे अर्धे मिनिट आणि २०१४ च्या तिसऱ्या सामन्याचा पूर्वार्ध हे दोन तुकडे एकाच दिवशी, मध्ये फारशी विश्रांती न देता दाखव. दुसऱ्या दिवसापासून सराव संपल्यावर, मुले धापा टाकत असतानाच, प्रत्येकाकडून दोन फ्री थ्रो टाकून घे आणि दोन्ही पडेपर्यंत कोणाला घरी सोडू नकोस. डियॉसारखा एखादा जाडसर, संथ मुलगा तुझ्या संघात असेलच. त्याला बास्केटखाली उभा न करता फ्री थ्रो रेषेच्या टोकाला उभा करून पाहा, आणि काय होते ते मला सविस्तर कळव. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
अनिरुद्ध