छपरावरचे गोडे पाणी

अमरावती, २० जानेवारी

तीर्थस्वरूप आई व बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

संक्रांतीला घरी येता आले नाही याचा आईला राग आला असेल आणि तो रास्तच आहे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या सात दिवसांच्या शिबिरासाठी आमच्या महाविद्यालयाचे विद्यार्थी घेऊन मी दर्यापूर तालुक्यातल्या एका गावी होते. काल रात्री परतले. आईने एसटीने पाठवलेला तिळगुळाचा डबा पहिल्याच संध्याकाळी मुलांनी रिकामा केला.

आपल्या आर्वीकडे विहिरीला पाणी लागले की माणूस सुटतो. त्या गावात पाणी लागते, पण तोंडात धरवत नाही. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या जिल्ह्यांतून जाणाऱ्या खारपाणपट्ट्यात, पूर्णेच्या खोऱ्यातील गाळाच्या थरांमधले भूजलच खारे आहे. म्हणून पिण्याचे पाणी दुरून नळाने आणावे लागते आणि या गावात ते दिवसाआड येते. मुले मात्र कुदळी-फावडी घेऊन विहीर साफ करण्याच्या उत्साहात गेली होती. एका आजींनी शांतपणे विचारले, "खारी विहीर उपसून पाणी गोड होते काय, बापा?" त्यानंतर कुदळी दोन दिवस शाळेच्या भिंतीला टेकून राहिल्या आणि मुले वही घेऊन घरोघर फिरली.

त्या फिरण्यातच गावच्या टाकीखालचा गळका व्हॉल्व्ह सापडला. त्याखाली ठेवलेली वीस लिटरची बादली आठ मिनिटांत भरली, म्हणजे टाकीत पाणी असेल तर दिवसाला ३,६०० लिटर मातीत जात होते. जलजीवन मिशनच्या माणशी ५५ लिटरांच्या हिशेबाने हे पासष्ट माणसांचे पाणी झाले. नळ सोडणारे काका ही गळती दाखवून दाखवून थकले होते. पॅकिंग बदलायला अर्धा तास लागला. बाबा, तुमच्या जुन्या सवयीप्रमाणे मी मुलांना आधी हिशेब फळ्यावर मांडायला लावला आणि मगच पान्याला हात लावू दिला.

खरी फजिती माझी झाली. शाळेच्या टिनाच्या छपरावरचे पाणी साठवण्यासाठी मी जमिनीखालच्या विटांच्या टाक्याचा आराखडा घरूनच करून नेला होता. गावच्या गवंड्याने तो पाहिला आणि म्हटले, "मॅडम, ही भुई पावसायात फुगते अन् उन्हायात फाटते, थे टाकं कसं टिकन?" भारी काळ्या मातीचा हा स्वभाव मी दरवर्षी वर्गात शिकवते, आणि तरीही कागदावर विसरले! अखेर काळी माती उकरून त्या जागी मुरूम भरून ठोकला, त्यावर ओटा बांधला आणि ओट्यावर दहा हजार लिटरची प्लास्टिकची टाकी बसवली. छपरावर पारव्यांचा वावर असल्याने पहिल्या सरींचे पाणी बाहेर सोडण्यासाठी वेगळी तोटी ठेवली आहे.

एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी मिळते. छप्पर १२० चौरस मीटरचे आहे. पाचवा हिस्सा वाया गेला असे धरले तरी साधारण १०५ मिलिमीटर पावसात टाकी भरेल. शाळेतल्या ऐंशी मुलांना रोज दोन लिटर धरल्यास भरलेली टाकी शाळेचे बासष्ट दिवस पुरते, म्हणजे सुट्ट्या धरून पावसाळ्यानंतर फार तर जानेवारीपर्यंत. उन्हाळ्यात पुन्हा नळाचीच वाट पाहायची आहे. म्हणूनच काही उत्साही मुलांनी रंगवलेली 'पाण्याची समस्या सुटली' ही पाटी मी लावू दिली नाही. मुले माझ्यावर रुसली, पण काकांनी तिची मागची बाजू पाणी सोडण्याच्या वेळा लिहायला मागून घेतली.

आता एक मागणे आहे. बाबा, तुमच्या शाळेने मोडीत काढलेले आणि तुम्ही घरी आणलेले पर्जन्यमापक अजून माळ्यावर असेल. त्याच्यासोबतची मोजणीची काचनळी शाबूत असल्यास दोन्ही एसटीच्या पार्सलने पाठवावे. जूनपासून सातवीची मुले रोज सकाळी पाऊस मोजून फळ्यावर लिहिणार आहेत. माळ्यावर मात्र तुम्ही स्वतः चढू नका. शेजारच्या मुलाला सांगा आणि आई, तू शिडीजवळ उभी राहा, कारण बाबा ऐकणार नाहीत हे मला ठाऊक आहे.

पुढच्या शनिवारी येते. गुडघ्याचे औषध संपत आले असेल, तर नाव कळवावे, येथून घेऊन येईन.

तुमची,
धाकटी