‘इम्पॅक्ट मॉडिफाइड’ म्हणून विकलेल्या ॲक्रिलिक शीटबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, गुणवत्ता विभाग

विषय: ४ मिमी पारदर्शक इम्पॅक्ट मॉडिफाइड ॲक्रिलिकच्या नावाखाली साधा माल आल्याबाबत, लॉट परत घेऊन बदली माल मिळण्याबाबत.

महोदय,

सातपूर, नाशिक येथे माझं छोटं वर्कशॉप आहे. शाळा आणि सोसायट्यांच्या आवारात लावायचे नोटीस बोर्ड आम्ही बनवतो. ॲल्युमिनियमची चौकट, आत सॉफ्टबोर्ड आणि पुढे दोन सरकती पारदर्शक शटर असा हा बोर्ड असतो. शाळेच्या व्हरांड्यात ही शटर मुलांच्या तोंडासमोर येतात. चेंडू लागणार, दप्तर आपटणार, मधल्या सुट्टीत ढकलाढकली होणार, हे धरूनच माल निवडावा लागतो. काच तिथे लावायचीच नाही. पॉलिकार्बोनेट हे दुसरं पारदर्शक प्लास्टिक सहसा फुटत नाही, पण त्यावर चरे फार लवकर पडतात आणि यूव्हीचा थर नसेल तर उन्हाने ते पिवळं पडतं. म्हणून साध्या ॲक्रिलिकपेक्षा जादा दर मोजून मी तुमची इम्पॅक्ट मॉडिफाइड, म्हणजे धक्का सोसेल अशी चिवट केलेली शीट घेत आले.

आधीच्या मालाबद्दल माझी काहीही तक्रार नाही. या वेळच्या लॉटमधलं एक शटर मात्र एका प्राथमिक शाळेत क्रिकेटचा चेंडू लागून फुटलं. नुसता तडा गेला असता तर मी हे पत्र लिहिलं नसतं. शटरचे हातभर लांब, टोकदार तुकडे होऊन ते व्हरांड्यात पसरले. त्या वेळी मुलं मैदानावर होती, व्हरांड्यात कोणी नव्हतं, म्हणून कोणाला लागलं नाही. मुख्याध्यापिका बाईंनी ते तुकडे माझ्या टेबलावर आणून ठेवले आणि ‘हे न फुटणारं आहे असं तुम्हीच सांगितलं होतं ना?’ असं विचारलं. ते मी तुमच्या लेबलावर विश्वास ठेवून सांगितलं होतं.

तुमचे प्रतिनिधी येऊन गेले. त्यांनी शीट उजेडासमोर धरली आणि म्हणाले, ‘मॅडम, माल एकदम क्लिअर आहे, मागच्यापेक्षाही क्लिअर. फिटिंगमध्ये ताण राहिला असेल.’

फिटिंगचं आधी सांगते. चार फुटी ॲक्रिलिक शीट तापमानातल्या ३० अंश सेल्सिअसच्या फरकाने सुमारे अडीच मिलिमीटर वाढते. तेवढी जागा आम्ही चॅनेलमध्ये कायम सोडतो. कुलपाचं भोक प्लास्टिकसाठी धार लावलेल्या बिटने पाडतो, स्क्रूपेक्षा मोठं ठेवतो आणि कडा घासून घेतो. शटरला सॉल्व्हंट कुठेही लागत नाही. आधीच्या लॉटची शटरही याच कारागिरांनी, याच पद्धतीने बसवली आहेत आणि ती शाबूत आहेत.

आता ‘मागच्यापेक्षा क्लिअर’ या मुद्द्याकडे येते, कारण माझी खरी तक्रार तिथेच आहे. ॲक्रिलिक मुळात ठिसूळ. त्याला चिवट करायचं तर त्यात रबराचे अतिसूक्ष्म, साधारण पाव मायक्रॉनचे कण मिसळतात; यालाच मॉडिफायर म्हणतात. कणाच्या आत ब्यूटाइल ॲक्रिलेटचं रबर असतं आणि बाहेरून ॲक्रिलिकचंच कवच, म्हणजे तो कण शीटमध्ये घट्ट धरून राहतो. धक्का बसला की रबर आतून फाटून पोकळ होतं, भोवतालचं प्लास्टिक थोडं ताणलं जातं आणि धक्क्याची शक्ती तिथेच जिरते, तडा पुढे धावत नाही. असं रबर घालूनही शीट पारदर्शक राहावी म्हणून त्याचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश किती वाकतो ते सांगणारा आकडा, ॲक्रिलिकच्या १.४९ शी जुळवावा लागतो. नुसत्या ब्यूटाइल ॲक्रिलेटचा तो १.४७ च्या आसपास भरतो, म्हणून त्यात १.५९ वालं स्टायरिन मोजून घालतात. फार बारकाईचं काम आहे हे, आणि तुमच्या जुन्या शीटमध्ये ते उत्तम साधलं होतं.

पण ही जुळणी एका तापमानाला होते. उष्णतेने रबर ॲक्रिलिकपेक्षा जास्त फुगतं, दोघांचे अपवर्तनांक वेगळे पडतात आणि शीटवर किंचित दुधाळ झाक येते. गार झाली की जाते. तुमच्या जुन्या शीटवर एप्रिल-मेच्या दुपारी ती दिसते. माझ्या ग्राहकांना मी ते आधीच समजावून सांगते आणि त्याबद्दल कोणीही कुरकुर केलेली नाही. जुन्या आणि नव्या लॉटच्या पट्ट्या मी एकाच पातेल्यात कढत पाण्यात बुडवल्या. जुनी पट्टी दुधाळ झाली, नवी होती तशीच स्वच्छ राहिली. मग दोन्ही पट्ट्या वाइसमध्ये धरून हाताने वाकवल्या. जुनी पट्टी वाकताना वाकलेल्या जागी आधी पांढरी पडली आणि बरीच वाकल्यावर मग फाटली. नवी जराही पांढरी न पडता काडकन तुटली. तुटलेली कड काचेसारखी गुळगुळीत आणि धारदार आहे, कारागिराच्या अंगठ्याला ती लागली. ज्या स्वच्छपणाची तुमच्या प्रतिनिधींनी तारीफ केली, तो या मालात मॉडिफायर नाही किंवा नावापुरताच आहे, याचीच खूण आहे असं माझं ठाम मत आहे.

तुमच्या पत्रकाबद्दलही बोलायला हवं. ‘पाचपट मजबूत’ असं त्यावर ठळक छापलं आहे. तो आकडा खाच नसलेल्या नमुन्याचा आहे, हे खाली बारीक अक्षरात आहे. माझ्या शटरला कुलपाचं भोक असतं, तडा तिथूनच निघतो. म्हणून मला खाच पाडलेल्या नमुन्याचा आयझॉड आकडा हवा, म्हणजे हातोड्याच्या फटक्याने नमुना तोडायला किती शक्ती लागते तो. साध्या ॲक्रिलिकला तो १५ ते २० ज्यूल प्रति मीटर येतो. या लॉटला किती आला, ते दाखवा.

माझ्या मागण्या अशा: या लॉटचा आयएसओ १८० किंवा एएसटीएम डी २५६ या आयझॉड चाचणीच्या मानकाप्रमाणे खाच असलेल्या नमुन्याचा चाचणी अहवाल द्यावा. उरलेल्या शीट परत घेऊन खरा इम्पॅक्ट मॉडिफाइड माल द्यावा. या लॉटची जी शटर बसवून झाली आहेत ती मी स्वतःहून काढून आणते आहे. त्यांच्या जागी नवी बसवण्याचा माल, मजुरी आणि वाहतूक तुम्ही सोसावी. आणि सगळ्यात तातडीचं म्हणजे हा लॉट आणखी ज्यांना विकला असेल त्यांना आजच कळवा. कोणी तो यंत्राच्या गार्डला लावला असेल, कोणी लहान मुलांच्या खेळण्याच्या जागी.

वर्कशॉप हेच माझ्या उपजीविकेचं साधन आहे, त्यामुळे ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली दाद मागण्याचा मार्ग मला मोकळा आहे. पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. दोन्ही लॉटच्या पट्ट्या, फुटलेल्या शटरचे तुकडे आणि लेबलं जपून ठेवली आहेत. तुमच्या प्रयोगशाळेतलं कोणी आलं तर त्यांच्यासमोर पुन्हा वाकवून दाखवते.

सोबत: बिलाची प्रत, लॉट क्रमांकाचे फोटो, शाळेचं पत्र.

आपली ग्राहक,
वर्कशॉप चालक, सातपूर, नाशिक