तोंड आखूडच होतं

प्रिय बंड्या,

आठ महिने ना पत्र ना फोन, आणि आज एकदम लिहायला बसलोय ते एका अळीपायी. शिव्या शेवटी घाल, आधी वाच. तब्येत ठीक. पाठ मायक्रोस्कोपला वाहिलेली आहेच.

स्ट्रॉन्जिलॉइड्स, तो आतड्यातला बारीक जंत, सापडला! पण माझीच सही असलेला 'परजीवी आढळले नाहीत' हा रिपोर्ट गेल्यावर नवव्या दिवशी.

पेशंट दम्याचा, साठीतला. रक्तात इओसिनोफिल १४ टक्के; जंतानंही वाढतात, दम्यानंही, म्हणून दम्याच्या खात्यावर टाकून मोकळे. शौचाच्या नमुन्याच्या सलाइन आणि आयोडीन, दोन्ही स्लाइडी मी पाहिल्या. रिपोर्ट गेला, स्टेरॉइड सुरू झालं. मग पोट दुखतंय म्हणून सहाव्या दिवशी दुसरा नमुना आला. काय वाटलं कोण जाणे, त्यातला थोडा, जंतू वाढवायच्या अगार-प्लेटवर ठेवला. तिसऱ्या दिवशी प्लेट उजेडाला धरली, तर जंतूंच्या कॉलन्यांची नागमोडी रांगोळी. अळीबया सरपटत गेली होती आणि अंगाला चिकटलेले जंतू मागे पेरत गेली होती.

आपलं जुनं भांडण आठवलं. शिळ्या नमुन्यात हूकवर्मची, म्हणजे दुसऱ्याच जंताची, अंडी फुटूनही तशाच अळ्या दिसतात, हे माझं पालुपद. आणि तू 'तोंड बघ रे, तोंड!' म्हणून बोंबलायचास. मॅडमनी दोघांनाही बाहेर काढलं होतं. या खेपेला पाहिलं. तोंडाची नळी इवलीशी (हूकवर्मची लांब असती), अंगाच्या मध्यावर जननांगाचा ठळक ठिपका. घे, जिंकलास.

वॉर्डात फोन करताना हात कापत होता. तुला सांगायला नको, ही अळी आतल्या आतच पुन्हा आतडं भेदते, म्हणून तर दुसऱ्या महायुद्धात बर्मा-सयाम रेल्वेवर राबलेल्या युद्धकैद्यांच्या पोटात ती ३०-४० वर्षांनीही सापडली. एरवी गुमान राहते. स्टेरॉइड मिळालं की पसरते, आणि आतड्यातले जंतू रक्तात घेऊन जाते. जंतावरचं आयव्हरमेक्टिन लगेच सुरू झालं. माणूस आज उठून बसलाय. कुणी मला एका शब्दानं बोललं नाही, तेच जास्त लागतंय.

एका नमुन्यात ही निम्म्याहून जास्त वेळा निसटू शकते, हे मीच पोरांना शिकवतो. पण त्या दिवशी सुटायची वेळ झाली होती, आणि स्लाइडवरच्या पातळ काचेची, कव्हरस्लिपची, उजवी कड मी पुरती फिरवून पाहिली की नाही, हे मला खरंच आठवत नाही. स्लाइड केव्हाच गेली. रात्री डोळे मिटले की तीच कड. बायको म्हणते, झोप. तिला काय सांगू?

तुझ्या बदलीचं काय झालं? चिमीची परीक्षा? आईंना नमस्कार. गुडघ्यांचं कळव.

रिपोर्टात आता 'एका नमुन्यात आढळले नाहीत, शंका असल्यास पुन्हा पाठवा' असं लिहायला लागलोय. साहेब म्हणतात, उगाच लांबण. तू काय लिहितोस?

फोटो सोबत ठेवलाय. तोंडाभोवती लाल पेनानं गोल मीच केलाय, फार हसू नकोस.

तुझा,
चष्म्या